साखर नॉर्मल आली, तहान तशीच राहिली : जत तालुक्यातल्या एका मुलीचे प्रकरण

मूल खूप पाणी पिते, सारखे लघवीला जाते, अशी तक्रार घेऊन आई-वडील आले की आपल्याकडे आधी साखर तपासतात. ते बरोबरच आहे. मुलांमधला टाइप १ मधुमेह असाच सुरू होतो आणि तो ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेतते. घोटाळा होतो तो त्यानंतर. साखर नॉर्मल आली की घरचे सुटलो म्हणतात, डॉक्टर पुढच्या पेशंटला आत बोलावतात आणि मूल पाणी पीतच राहते. खाली ज्या मुलीची हकिकत आहे, तिचा खरा तपास त्या नॉर्मल रिपोर्टच्या दिवशी सुरू व्हायला हवा होता. तहान वाढल्यापासून तो सुरू व्हायला जवळजवळ वर्ष गेले आणि पुरता लागायला आणखी नऊ महिने.

वैद्यकाच्या वर्गात शिकवण्यासाठी प्रकरण उभे करतात, तसे हे उभे केले आहे. मुलगी कोणी एक नाही. अशी तहान लावणारी एक गाठ मेंदूच्या तळाशी होते. त्या आजाराची मुले ज्या आडवळणाने निदानापर्यंत पोचतात, ते वळण एका घराच्या गोष्टीत गोवले आहे. आजार, त्याच्या तपासण्या, उपचार आणि त्यातले धोके मात्र जसे आहेत तसेच मांडले आहेत.

उशाशी कळशी

जत तालुक्याचा पूर्व भाग, कर्नाटकच्या शिवेकडचा. वडील ट्रॅक्टर चालवतात आणि द्राक्षाच्या हंगामात तासगाव, कवठेमहांकाळकडे मिळेल त्या कामाला जातात. पुढे मार्च-एप्रिलात बेदाण्याच्या शेडवर. आई घर, दोन म्हशी आणि शेळ्या सांभाळते. मुलगी पाचवीत, साडेदहा वर्षांची, अभ्यासात बरी, खेळात पुढे.

तहान वाढली फेब्रुवारीत. त्या भागात फेब्रुवारीत ऊन लागायला लागते, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. "उन्हाळा लागलाय, पोरगी लई पाणी पित्या," एवढेच आजी म्हणायची. पण वळीव होऊन गेला, पावसाळा सरला, दिवाळीची थंडी पडली तरी तहान हटेना. रात्री उशाशी तांब्या असायचा, तो दोनदा भरावा लागू लागला. मग तिने कळशीच उशाशी ओढून घेतली. टँकरचे बॅरलमधले कोमट पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे. तिला माठातलेच हवे, आणि शेजारच्या घरी फ्रीज आला तेव्हापासून ती बर्फ मागायला जाऊ लागली. शाळेत दोन बाटल्या नेई. तासाला दोनदा लघवीला सोडा म्हणते म्हणून बाई रागावत, म्हणून ती आपणहून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्यातच अंथरूण ओले होऊ लागले. अकरा वर्षांची पोर, आणि रोज सकाळी गोधडी धुवायला टँकरचे पाणी! आईचा जीव मेटाकुटीला आला होता, त्यामुळे मुलीला मारही बसला.

या वर्णनात निदानाचा निम्मा भाग आला आहे. सवयीने जास्त पाणी पिणारी मुले सहसा रात्री गाढ झोपतात. झोपेतून उठून पुन्हा पुन्हा पाणी पिणारे मूल सवयीने पीत नसते. गार, अगदी बर्फासारख्या पाण्याचीच ओढ हीसुद्धा शरीरात पाणी टिकत नसल्याची नेहमीची खूण. आणि ज्या मुलाचे अंथरूण वर्षानुवर्षे कोरडे होते ते पुन्हा ओले होऊ लागले, तर ओरडण्याआधी तपासायचे असते. दोन-चार प्रश्नांत हे सगळे बाहेर येते, फक्त ते विचारायला पाच मिनिटे हवीत.

तालुक्याच्या गावी दोन दवाखाने झाले. पहिल्यांदा लघवीच्या तपासणीत थोड्या पस सेल्स दिसल्या, म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक आणि जंताचे औषध. दुसऱ्यांदा साखर तपासली, ९२. आजोबा साखरेच्याच आजाराने गेलेले, त्यामुळे घरात त्या दिवशी देवाला नारळ फुटला. पण लघवीच्या त्या पहिल्या रिपोर्टवर, पस सेल्सच्या बऱ्याच वर, लघवीचे विशिष्ट गुरुत्व छापलेले होते : १.००२. रात्रभर झोपून उठलेल्या निरोगी मुलाची सकाळची लघवी घट्ट, गडद असते. तिचा हा आकडा बऱ्याचदा १.०२० च्या आसपास किंवा त्याहून वर जातो. १.००२ म्हणजे जवळजवळ पाणीच. शंभर-दीडशे रुपयांच्या तपासणीत उत्तराचे पहिले अक्षर लिहून आले होते. ती ओळ वाचण्याची सवय प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण या आजारात पुढच्या सगळ्या महागड्या तपासण्यांचे दार तीच उघडते.

वजाबाकी कोणी केली नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते, मुलांची उंची-वजन घेते, दात-डोळे बघते. या मुलीचीही दोन वर्षे नोंद झाली होती. पाचवीत १३१ सेंटिमीटर, सहावीत १३२.५. दोन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर कुठेच काही खटकत नाही, वर्गात तिच्याहून बुटक्या मुली होत्याच. एकातून दुसरा वजा केला तर मात्र वर्षभरात दीड सेंटिमीटर वाढ दिसते. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर तरी वाढ अपेक्षित असते आणि वयात येण्याच्या सुमाराला ती आणखी वेग घेते. वर्षाला चार सेंटिमीटरच्या खाली आली तर कारण शोधायचे असते.

घरात ही गोष्ट दुसऱ्या रूपात माहीत होती. शाळेचा गेल्या वर्षीचाच ड्रेस तिला यंदाही होत होता आणि आईला ते बरेच वाटले होते, एका ड्रेसचे पैसे वाचले म्हणून.

तहान आणि थांबलेली उंची या दोन तक्रारी एकाच मुलात एकत्र आल्या तर नजर मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथीकडे जायला हवी. व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, एका बारीक देठातून खाली उतरते आणि हरभऱ्याएवढ्या पिट्युटरीच्या मागच्या भागात साठते. मूत्रपिंडांना पाणी परत घ्यायला सांगणारे हेच. ते आटले की मूत्रपिंडे पाणी सोडत राहतात आणि तहान त्याचा पाठलाग करते. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेशी त्याचा काही संबंध नाही आणि २०२२ पासून तज्ज्ञांच्या संघटनांनी त्याला आर्जिनीन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी असे नाव दिले आहे, त्यामुळे नव्या कागदांवर तेही दिसेल. त्याच पिट्युटरीच्या पुढच्या भागातून वाढीचे, थायरॉइडला आणि अॅड्रिनल ग्रंथीला चालना देणारे आणि वयात आणणारे अशी वेगवेगळी संप्रेरके येतात. म्हणून या देठाशी काही उगवले की एकेक करून सगळेच मंदावत जाते.

सांगली

जानेवारीत, सहावीत असताना, नात्यातल्या एकांच्या सांगण्यावरून मुलीला सांगलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी कोणतीही मोठी तपासणी लिहिण्याआधी आईला एक काम दिले : एक पूर्ण दिवस-रात्र लघवी मोजून आणा. घरात दुधाचे लिटरचे जुने माप होतेच. आईने ते बाजूला काढून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवले आणि प्रत्येक खेपेला खडूने भिंतीवर रेघ ओढली. बेरीज आली ५.२ लिटर. मुलीचे वजन २७ किलो. या वयात दिवसाला किलोमागे ४०-५० मिलिलिटरच्या वर लघवी गेली तर ती जास्त धरतात, म्हणजे तिची मर्यादा फार तर १.३५ लिटर. आईचा खडूचा हिशेब कोणत्याही मशीनच्या रिपोर्टइतकाच मोलाचा ठरला.

मग तिला भरती करून पाणी तोडण्याची तपासणी केली. ती घरी कधीही करून बघू नये. असे मूल काही तासांत कोरडे पडते आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाते. रुग्णालयात दर तासाला वजन, लघवी आणि रक्त बघत ती करतात. चार तासांत तिचे वजन तीन टक्क्यांहून जास्त घटले, सोडियम १४९ झाले, रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे घट्टपणाचे माप, ३०६ झाली, तरी लघवीची ११८ वरच अडून राहिली. शरीर पाण्यासाठी तडफडतेय आणि मूत्रपिंडे अजून पाणी फेकताहेत. मग डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनचाच बनवलेला भाऊबंद, दिले. दोन तासांत लघवीची ऑस्मोलॅलिटी ४१० वर गेली. म्हणजे मूत्रपिंडे ठीक आहेत, वरून निरोपच येत नाही.

मिरजेत एमआरआय झाला. पिट्युटरीचा मागचा भाग निरोगी माणसात एका विशिष्ट चित्रात पांढरा चमकतो, ती चमक नव्हती. देठ चार मिलिमीटरच्या थोडा वर. हा साधारण तीनपर्यंत असतो. गाठ म्हणावी असे काही नाही. रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी हे दोन्ही ट्यूमर मार्कर, म्हणजे काही गाठींची चाहूल देणारे घटक, नॉर्मल.

या टप्प्यावर पुष्कळ मुले हातातून निसटतात. जाड झालेल्या देठामागे बऱ्याच गोष्टी असू शकतात : जर्मिनोमा नावाची गाठ, लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, क्षय, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेली सूज. चार मिलिमीटरच्या देठाचा तुकडा काढायला गेले तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. म्हणून रीत अशी की डेस्मोप्रेसिन सुरू करायचे आणि दर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा करायचा, तोही एकदोनदा करून थांबायचे नाही. डायबेटिस इन्सिपिडस आधी आणि गाठ चित्रात दिसायला लागते ती नंतर, मधे महिने किंवा वर्षेही जातात, हे या आजाराचे जगभर नोंदलेले वागणे आहे.

डॉक्टरांनी हे सांगितले, कागदावर "एप्रिलमध्ये एमआरआय" असे लिहूनही दिले. पण गोळीने काय केले ते बघा. पहिल्याच रात्री मुलगी सकाळपर्यंत झोपली. वर्षभरात पहिल्यांदा गोधडी कोरडी. इतके बरे वाटल्यावर, एप्रिलात वडील बेदाण्याच्या शेडवर असताना, हजारोंचा एमआरआय कोणत्या हिशेबात बसणार? घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. औषधाने लक्षण गेले की आजार गेला असे कोणालाही वाटते. तारीख चुकली की दवाखान्यातून फोन जाईल, अशी व्यवस्थाच आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, आणि मला ती कोणत्याही नव्या यंत्राइतकीच गरजेची वाटते.

तहान कमी झाली तेव्हा

जुलैपासून मुलीची तहान आपोआप उतरू लागली. गोळी अर्धी केली तरी काही बिघडेना, कधी विसरली तरी रात्र निभावून जाई. घरात बोलले जाऊ लागले, पोरगी बरी होत आली. गावदेवीला बोललेला नवसही फेडून झाला.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते इथे. पाणी शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडांना कॉर्टिसोल, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक, लागते. गाठ वाढून पिट्युटरीचा पुढचा भाग दबला, कॉर्टिसोल घटले की जास्त लघवी झाकली जाते. म्हणजे आजार वाढल्यामुळे लक्षण कमी झाले होते. बाकीच्या खुणा होत्या : मुलगी वर्गात झोपायची, भाकरी अर्धी टाकायची, सकाळी उलटी व्हायची, तोंड पांढरेफटक. त्या सगळ्या अशक्तपणाच्या नावावर गेल्या आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

ऑगस्टच्या अखेरीस ती फळ्यावरचे चुकीचे उतरवू लागली. जतमध्ये चष्मा झाला, महिन्याभरात नंबर बदलला, तरी फरक पडेना. संध्याकाळी शेळ्या घरी आणताना बाजूने येणारी मोटारसायकल तिला दिसली नाही, नशिबाने थोडक्यात निभावले. तेव्हा मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. उजवा डोळा ६/१८, डावा ६/६०, कोणत्याही काचेने न सुधारणारे. त्यांनी समोर बसून दोन्ही हातांची बोटे बाहेरून आत आणत तपासले, तर दोन्ही डोळ्यांना बाहेरची बाजू दिसत नव्हती. आत डोळ्याच्या नसेचा तळ फिका पडलेला. दोन्ही नसा जिथे एकमेकींना ओलांडतात ती जागा पिट्युटरीच्या बरोबर वर आहे. त्यांनी चष्म्याचा नंबर लिहिलाच नाही, एमआरआय लिहिला.

देठाच्या जागी आता २.६ सेंटिमीटरची गाठ होती, नसांच्या त्या चौकाला खालून रेटणारी. सकाळचे कॉर्टिसोल २.१, म्हणजे फारच कमी. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, कमी. पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक, १.८, अगदी नॉर्मल. मधल्या काळात कोणीतरी फक्त टीएसएच करून थायरॉइड चांगले असल्याचे सांगितले होते. पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच वाढणार कसे? थकलेल्या, वाढ थांबलेल्या मुलात टी४ सोबत तपासल्याशिवाय थायरॉइडला क्लीन चिट देऊ नये.

उपचाराचा क्रमही महत्त्वाचा होता. आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातले कॉर्टिसोल, मग थायरॉइडची गोळी. उलटे केले तर कॉर्टिसोल नसलेले शरीर कोलमडू शकते. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी लघवीचा लोंढा परतला. आई रडू लागली, वॉर्डातल्या सिस्टरने तिला समजावले की ताई, हे औषध लागू पडल्याचेच लक्षण आहे.

टीबी की ट्यूमर

मेंदूच्या शस्त्रक्रियेत गाठीचा लहानसा तुकडा घेतला. निदानासाठी सगळी गाठ काढायची गरज नसते आणि तसे करायला जाणे दृष्टीला महागात पडू शकते. रिपोर्ट आला : लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, क्षयाचा विचार करावा. क्षयाच्या जंतूंचा डाग निगेटिव्ह, पण मेंदूच्या क्षयात तो बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो.

आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटला की टीबी, आणि बहुतेकदा ते खरेही असते. टीबीचा वर्षभराचा कोर्स सुरू करण्याची तयारी झाली होती, मेंदूच्या टीबीत देतात तसे जास्त मात्रेचे स्टेरॉइडही सोबत. तो सुरू झाला असता तर काय झाले असते हे सांगणे कठीण नाही. जर्मिनोमात लिम्फोसाइट पेशींची गर्दी असते, स्टेरॉइडने ती तात्पुरती ओसरते, गाठ आक्रसल्यासारखी दिसते, आणि "टीबीच होता, औषध लागू पडले" असे समाधान होते.

जर्मिनोमाची ही जुनी फसवणूक आहे. गाठीच्या मूळ पेशी मोठ्या, पण विरळ. त्यांच्याभोवती शरीर इतका दाह उभा करते की लहान तुकड्यात कधीकधी दाहच येतो, पेशी येतच नाहीत. त्या पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टाच्या तळाशी "नमुना लहान आहे, वय आणि जागा पाहता जर्मिनोमा वगळावा" अशी ओळ घातली होती. त्या एका ओळीमुळे मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेल्या. तिथे पेशींना विशेष रंग देऊन तपासण्या झाल्या. विखुरलेल्या थोड्या मोठ्या पेशींनी ऑक्ट ३/४ आणि सी-किट या खुणा दाखवल्या. जर्मिनोमा. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात बीटा-एचसीजी १८, थोडेसेच वाढलेले, एएफपी नॉर्मल, हेही त्याच्याशी जुळणारे. एएफपी वाढलेले असते तर तो शुद्ध जर्मिनोमा राहिला नसता आणि उपचार बराच कडक करावा लागला असता. मणक्याचा एमआरआय स्वच्छ आला आणि पाठीच्या पाण्यात पेशी सापडल्या नाहीत. ही गाठ मेंदूच्या पाण्यावाटे पसरू शकते, म्हणून या दोन तपासण्या न करता उपचार ठरवत नाहीत.

बायोप्सी झालेल्या कोणत्याही रुग्णाच्या घरच्यांना म्हणून सांगतो, ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. त्यावर तुमचा हक्क आहे. दुसरे मत घ्यायला पेशंट नेण्याआधी ती डबी नेली तरी काम होते.

जर्मिनोमा आहे तरी काय? गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीज आणि शुक्राणू बनतात, त्या शरीराच्या मध्यरेषेने प्रवास करत आपल्या जागी पोचतात. त्यातल्या काही वाट चुकून मेंदूत अडकतात आणि वर्षांनी गाठ धरतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अंडाशयातला डिसजर्मिनोमा आणि वृषणातला सेमिनोमा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब असेच दिसतात. वय बहुतेक दहा ते वीसच्या घरातले. पाश्चात्त्य देशांत मुलांच्या मेंदूच्या शंभर गाठींत या जर्म सेल गटातल्या तीन-चार असतात, जपान-कोरियाकडे हे प्रमाण बरेच जास्त. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जर्मिनोमा. मेंदूच्या मागच्या भागात पिनिअल ग्रंथीशी झाल्या तर त्या मुख्यतः मुलग्यांत होतात आणि तिथे डोकेदुखी, उलट्या, नजर वर नेता न येणे अशी वेगळी लक्षणे असतात. पिट्युटरीजवळची गाठ मुलींनाही तितकीच होते.

मुंबई

मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मायलेकी मुंबईला गेल्या. परळला कॅन्सरच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी सेंट ज्यूडची मोफत राहण्याची केंद्रे आहेत, तिथे खोली मिळाली. केमो आणि किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले.

कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइडच्या चार फेऱ्या, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने. केमोसोबत सलाइन द्यावे लागते, आणि डेस्मोप्रेसिनवर असलेल्या मुलाला सलाइन देणे हे फार जपून करायचे काम. गोळीचा अंमल असताना पाणी जास्त गेले तर ते बाहेर पडत नाही, सोडियम घसरते आणि झटके येऊ शकतात. गोळी मागे घेतली तर उलट धोका. वॉर्डात दिवसातून दोनदा सोडियम व्हायचे. आईने एका शंभर पानी वहीत उभी रेघ मारून "आत" आणि "भाईर" असे दोन रकाने केले होते आणि पिलेला प्रत्येक पेला, झालेली प्रत्येक लघवी वेळेसकट लिहिली. निवासी डॉक्टर राउंडला आले की आधी ती वही मागत.

चार फेऱ्यांनंतर गाठ चित्रात उरली नाही, देठ किंचित जाड राहिला. मग किरणोपचार कशाला, असे वडिलांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. फक्त केमो देऊन बघण्याचे प्रयोग जगात झालेले आहेत, त्यात जवळपास निम्म्या मुलांत आजार परतला. फक्त गाठीच्या जागी किरण दिले तेव्हा काहींत आजार मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उगवला. म्हणून आता केमोनंतर त्या सर्व पोकळ्यांना साधारण २४ ग्रे (किरणांच्या मात्रेचे माप) देतात, आणि पूर्वी सरसकट होणारे अख्खा मेंदू आणि मणक्याचे किरण आजार पसरलेला नसेल तर टाळतात. कमी मात्रा, लहान क्षेत्र, म्हणजे पुढे अभ्यासावर आणि स्मरणशक्तीवर ओझेही कमी. जर्मिनोमात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त आहे. मेंदूच्या गाठींच्या जगात असे आकडे फार थोडे.

घरी परतल्यावर

उपचार संपून चौदा महिने झाले. एमआरआय स्वच्छ आहे. उजवा डोळा ६/९ वर आला, डावा ६/३६ वरच थांबला. दबलेल्या नसेने आधी जे गमावले ते सगळे परत येत नाही. एप्रिलातला एमआरआय झाला असता तर हा डोळा बहुधा वाचला असता.

पिट्युटरी मात्र परतली नाही, ती या आजारात सहसा परतत नाही. हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीनदा, थायरॉइडची गोळी अनशापोटी, डेस्मोप्रेसिन सकाळ-संध्याकाळ. पुढची डेस्मोप्रेसिन घेण्याआधी दिवसातून एकदा तरी मोठी, पातळ लघवी होऊ द्यायची, म्हणजे शरीरात पाणी साचत नाही. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट. उलटी होऊन गोळी टिकली नाही तर इंजेक्शन, आणि तेही लगेच. त्यांच्या गावाहून रुग्णालय लांब, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची कुपी आणि सिरिंज घरात ठेवली आहे, आईला मांडीत टोचायला शिकवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना चिठ्ठी दिली आहे की या मुलीत ताप-उलटी म्हणजे आधी हे इंजेक्शन, चौकशी नंतर. साध्या जुलाबानेसुद्धा अशा मुलाचा जीव जाऊ शकतो, म्हणून हे मी दहा वेळा सांगायला तयार आहे.

शाळेला दिलेल्या पत्रात दोनच विनंत्या होत्या : पाण्याची बाटली बाकावर असू द्यावी आणि लघवीला विचारल्याशिवाय जाऊ द्यावे. मुख्याध्यापकांनी ते वाचून दाखवले आणि पूर्वी रागावणाऱ्या बाईंनीच तिला फळ्यासमोरच्या पहिल्या बाकावर बसवले.

खर्चाचे गणित सुटलेले नाही. मोठे उपचार योजनेत बसले, रोजच्या गोळ्या घरच्या खिशातून जातात आणि त्या आयुष्यभराच्या आहेत. आता ती चौदा वर्षांची आहे, उंची १३७, वयात येण्याची कोणतीही खूण नाही. त्यासाठी इस्ट्रोजेन हे संप्रेरक अगदी थोड्या मात्रेने सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवत नेतात, पण ते आधी वाढवले तर हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची तिथेच थांबते. त्यामुळे ग्रोथ हॉर्मोनचा निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा. आजार किमान वर्षभर शांत राहिल्याशिवाय ग्रोथ हॉर्मोन देत नाहीत, आणि ते वर्ष आता पूर्ण झाले आहे. रोज रात्री एक इंजेक्शन, काही वर्षे, महिन्याला हजारोंचा खर्च. सांगलीच्या डॉक्टरांनी धर्मादाय निधीसाठी कागद तयार करून दिले आहेत. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे आणि या वेळी तारीख वडिलांनी शेडच्या मालकालाही सांगून ठेवली आहे.